केइजी नाकाझावा यांची चित्रकथा : एका साक्षीदाराचा कलाप्रवास

प्रस्तुत लेखात जपानी चित्रकथाकार केइजी नाकाझावा (१९३९–२०१२) यांच्या कारकिर्दीचा आणि विशेषतः 'हादाशी नो गेन' (अनवाणी गेन) या दहा खंडांच्या कृतीचा परिचय करून दिला आहे. चित्रकथेस, म्हणजे जपानी भाषेतील 'मांगा' या प्रकारास, आपण बहुधा बालवाङ्मयाच्या कप्प्यात टाकून मोकळे होतो. नाकाझावा यांच्या बाबतीत ही सवय सोडावी लागते.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा नाकाझावा सहा वर्षांचे होते. शाळेच्या काँक्रीटच्या भिंतीआड असल्यामुळे ते वाचले. वडील, बहीण व धाकटा भाऊ मात्र दगावले. गरोदर आईने त्याच दिवशी मुलीला जन्म दिला. तीही काही महिन्यांतच गेली. पुढे ओसामु तेझुका यांच्या चित्रकथांनी भारावलेल्या नाकाझावांनी पाट्या रंगवण्याचे काम करीत चित्रकलेचा अभ्यास केला आणि १९६१ मध्ये ते टोकियोस गेले. तेथे बॉम्बपीडितांविषयीचा दुजाभाव अनुभवल्यावर या विषयावर बोलायचेच नाही असे त्यांनी ठरविले होते.

हे मौन सुटले ते १९६६ मध्ये. आईच्या दहनानंतर जपानी रीतीप्रमाणे अस्थी वेचावयास गेले असता हाती केवळ राख लागली. किरणोत्सर्गाने आईची हाडेही नेली, असे त्यांना वाटले. या संतापातून 'काळ्या पावसाच्या माऱ्यात' ही कथा जन्मली. मोठ्या प्रकाशकांनी ती नाकारली. अखेर १९६८ मध्ये ती प्रौढांसाठीच्या एका चित्रकथा-नियतकालिकात आली. १९७२ च्या 'मी पाहिले' या आत्मकथेनंतर १९७३ मध्ये मुलांच्या 'शोनेन जंप' या साप्ताहिकात 'गेन' सुरू झाली. पुढे अन्य नियतकालिकांतून, शेवटी शिक्षक संघटनेच्या मासिकातून, ती १९८७ पर्यंत चालली. लोकप्रिय साप्ताहिकाकडून शिक्षकांच्या मासिकाकडे झालेला हा प्रवास प्रस्तुत लेखकास विशेष बोलका वाटतो.

'गेन'मध्ये केवळ पीडितांचा आक्रोश नाही. युद्धविरोधी वडिलांचा शेजाऱ्यांनी केलेला छळ, कोरियन शेजाऱ्यांना मिळणारी वागणूक, सम्राटाची जबाबदारी आणि जपानी सैन्याने आशियात केलेले अत्याचार यांविषयीही नाकाझावा स्पष्टपणे बोलतात. रेषा ठसठशीत, हावभाव भडक. सूक्ष्मता शोधणाऱ्यास ती कदाचित रुचणार नाही. परंतु कातडी लोंबत चालणारी माणसे सौम्य रेषेत कशी काढावी, हाही प्रश्नच आहे.

दृष्टी अधू झाल्याने २००९ मध्ये त्यांनी चित्रकथेतून निवृत्ती घेतली आणि १९ डिसेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने 'गेन' शालेय ग्रंथालयांच्या खुल्या कपाटांतून हलविण्यास सांगितले. ऑगस्ट २०१३ मध्ये, जनक्षोभानंतर, ही सूचना मागे घेण्यात आली. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळाने शांतता-शिक्षणाच्या पाठ्यसाहित्यातून तिचे उतारे वगळले. वगळलेल्या भागांपैकी एकात भुकेल्या, गरोदर आईसाठी गेन दुसऱ्याच्या तळ्यातील मासा चोरतो.