मिश्र प्लॅस्टिकला नॅनोनलिकांचे बळ

मोटारीचा डॅशबोर्ड किंवा संगणकाचे कवच पुष्कळदा एकाच प्लॅस्टिकचे नसते. पॉलिकार्बोनेटचा चिवटपणा हवा आणि एबीएसचा साच्यात सहज वाहण्याचा गुणही हवा, म्हणून ही दोन्ही वितळवून एकत्र घोटली जातात. घोटली म्हणजे एकजीव झाली, असे मात्र नव्हे. बहुतेक प्लॅस्टिके तेल-पाण्यासारखी एकमेकांपासून फटकून राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकात दुसऱ्याचे थेंब दिसतात आणि ताण पडला की त्यांच्या सीमेवरच तडा जाण्याची भीती असते.

या मिश्रणांना बळकटी देण्यासाठी संशोधकांची नजर कार्बनच्या नॅनोनलिकांकडे वळली. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांमुळे त्या प्रकाशात आल्या. कार्बन अणूंची षटकोनी जाळी गुंडाळून झालेली ही नळी काही नॅनोमीटर जाडीची असते. तिची ताठरता पोलादाच्या सुमारे पाचपट भरते. मग चिमूटभर नलिका मिसळल्या की काम झाले? तसे होत नाही. परस्परांतील आकर्षणामुळे नलिकांचे गुंते होतात आणि न सुटलेला गुंता प्लॅस्टिकमध्ये खड्यासारखा कमकुवत जागा निर्माण करतो. ‘नॅनो’ या शब्दाच्या मोहात ही गोष्ट सहसा विसरली जाते.

गुंते सुटले तरी नलिका दोहोंपैकी कोणत्या प्लॅस्टिकमध्ये वस्तीला जातात, हा प्रश्न उरतोच. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संशोधकांनी त्या मुद्दाम एसएएन या प्लॅस्टिकमध्ये आधी मिसळल्या आणि मग पॉलिकार्बोनेटबरोबर घोटल्या. काही मिनिटांतच नलिकांनी घर बदलून पॉलिकार्बोनेट गाठले! ज्या द्रवाने पृष्ठभाग अधिक सहज भिजतो, तिकडे त्यांचा ओढा असतो. याचा फायदाही घेता येतो. दोन्ही प्लॅस्टिके जाळ्यासारखी परस्परांत गुंतलेली असतील आणि नलिका एकाच जाळ्यात एकवटल्या, तर थोडक्या नलिकांतही सलग विद्युतमार्ग तयार होतो. स्थिर विद्युत साचू न देणारी वेष्टने त्यातून बनवता येतात. मुंबईच्या आयआयटीतही नायलॉन-६ आणि एबीएसच्या मिश्रणावर असे संशोधन झाले आहे.

प्लॅस्टिकमध्ये बंदिस्त असलेल्या नलिकांपेक्षा त्यांची कोरडी पूड अधिक चिंतेची आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये बहुभित्ती नलिकांच्या एका विशिष्ट प्रकाराला ‘संभाव्य कर्करोगकारक’ ठरवले. त्यामुळे पूड स्वतः न हाताळता, नलिका आधीच मिसळलेले मास्टरबॅचचे दाणे विकत घेणे कारखान्यांना अधिक सुरक्षित ठरते.