जुन्या मारुती ८०० ची रेस उतरत नाही? स्क्रू फिरवण्याआधी केबल बघा

नांदेड-लातूर रोडवर आजही एमएच-२६ नाहीतर एमएच-२४ पाटीची एखादी मारुती ८०० दिसतेच. २०१४ मध्ये ही गाडी बनायची बंद झाली, तरी बऱ्याच घरांतून ती हललेली नाही. या गाड्यांची एक ठरलेली तक्रार असते. पाय काढला तरी रेस उतरत नाही. सिग्नलला गाडी उभी आणि इंजिन भणभणतंय.

मग बॉनेट उघडून एक स्क्रू फिरवला जातो. घोळ इथंच होतो.

१९८३ ला आलेल्या ८०० मध्ये कार्ब्युरेटर होता. त्यात स्क्रूने आयडल सेट करणं बरोबरच होतं. २००० च्या सुमारास एमपीएफआय मॉडेल आलं आणि पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, ठरवायला लागला. आपल्या पायाकडं उरली फक्त हवा. पेडल दाबलं की केबल ओढली जाते आणि थ्रॉटल बॉडीतली गोल झडप उघडते. ती किती उघडली हे सेन्सर ईसीयूला कळवतो.

केबल जास्त ताणलेली असेल तर पाय काढूनही झडप पूर्ण मिटत नाही. ईसीयूला वाटतं, ड्रायव्हर अजून रेस देतोय. केबल फार सैल असेल तर पेडल तळाला टेकतं, पण झडप अर्धवटच उघडते. मग उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना गाडीचा दम निघतो.

आधी थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करायचा, कारण कित्येकदा झडप त्यानंच चिकटलेली असते. मग केबलच्या टोकाचे दोन नट सैल करून मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच प्ले ठेवायचा. इंजिन बंद ठेवून एकानं पेडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्यानं झडप पूर्ण उघडते आणि झटकन मिटते का ते बघायचं. झडपेचा स्टॉप स्क्रू मात्र कंपनीतून सेट होऊन येतो. त्याला हात लावायचा नाही. आयडल तरीही चढलेलाच राहिला, तर दोष केबलचा नाही, सेन्सर किंवा आयडलचा व्हॉल्व्ह तपासावा लागतो.

केबलची एखादी तार तुटून विस्कटली असेल तर ॲडजस्ट करत बसू नका, नवीन टाका. ती तार आवरणात अडकली की रेस चालत्या गाडीत अडकते. तसं झालंच तर आधी ब्रेक दाबा आणि गाडी न्यूट्रल करा. इंजिन कितीही ओरडलं तरी चालत्या गाडीत चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. गाडी कडेला थांबली की मग इंजिन बंद करा.