मक्याच्या ओळी मोजणारा डोनाल्ड

बहुतेक गावांत असा एखादा माणूस असतो. वय तीस-पस्तीस, हाडापेराने मजबूत, नेमून दिलेल्या कामाला चोख. पण चारचौघांत बसला की गप्प. बोलताना नजरेला नजर देत नाही. वरातीचा बँड वाजू लागला की कानांवर हात ठेवून घराकडे पळतो. कासरा नेहमीच्या खुंटीला दिसला नाही तर दिवसभर त्याचा जीव थाऱ्यावर नसतो. गाव त्याला अर्धवट म्हणते. घरचे म्हणतात देवाचा कोप, आणि अमावास्येला अंगारा लावतात. आपले नेमके काय चुकले, हे त्याला कोणीच सांगत नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, अशा माणसांपैकी कितीएकांना कोप झालेला नसतो आणि वेडही लागलेले नसते. त्यांच्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. तिला डॉक्टर ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. ती आईच्या चुकीने होत नाही, ग्रहणाने होत नाही आणि वय वाढले म्हणून जातही नाही. मुलींमध्ये तर ती पटकन ओळखूच येत नाही. 'लाजरी', 'हट्टी' म्हणून ती पोर सासरी जाते आणि तिथे बोलणी खाते.

शेतावर सापडलेली वाट

या विकाराचे सविस्तर वर्णन अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली केले. त्यांनी अकरा मुलांची हकीकत लिहिली. त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या छोट्या गावचा. जन्म १९३३ चा. आकडे आणि मोजमाप यांचे त्याला विलक्षण वेड. माणसांकडे मात्र लक्ष नाही. तीन वर्षांचा असताना त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले, पण आईवडिलांनी वर्षभराने हट्टाने परत आणले.

१९४२ साली त्याला गावापासून सुमारे दहा मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे ठेवण्यात आले. त्या दोघांनी जे केले ते आपण शेतकऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याला मोजमापाचा नाद, म्हणून त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि ती किती खोल गेली ते सांगायला लावले. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे. त्यांनी मोजणी बंद केली नाही. त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता मोज म्हणून सांगितले. कॅनर भेटीला गेले तेव्हा डोनाल्डने त्यांच्यासमोर सहा लांब तासे काढली आणि घोडा इतक्या सफाईने वळवला की डॉक्टर थक्क झाले.

पुढे तो महाविद्यालयात शिकला, आजोबांच्या बँकेत नोकरीला लागला, सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. घरची सुबत्ता होती, गावानेही सांभाळून घेतले, हे खरे. सगळ्यांचेच असे होईल असे नाही. काहींना आयुष्यभर आधार लागतो. पण त्या शेतकरी जोडप्याने माणूस बदलायचा हट्ट धरला नाही, त्याच्या स्वभावाला जुळेल असे काम शोधले, ही गोष्ट आपल्याला करण्याजोगी आहे.

मनात रुतलेली भीती

डोनाल्डला लहानपणीच ख्रिस्ती धर्मशिक्षणातील पंचवीस प्रश्नोत्तरे तोंडपाठ होती. पाठांतर पक्के, पण अशा पुष्कळांना शब्दामागचा मथितार्थ चटकन उमगत नाही. बोललेला शब्द ते जसाच्या तसा घेतात. मग घरी कडक सोवळे-ओवळे असेल आणि 'खोटे बोललास तर देव जीभ झाडील' असा धाक रोज असेल, तर इतर मुले ते विसरून खेळायला जातात. हा मात्र तो शब्द चाळिशीपर्यंत वागवतो. जपाचा एक मणी चुकला तर सारी माळ पुन्हा पहिल्यापासून. हात सोलवटले तरी धुणे थांबत नाही. मनात वाईट विचार आला म्हणून रात्ररात्र झोप नाही. हा त्रास स्वमग्नता नसलेल्या माणसांनाही होतो, आणि तो कोणत्याही धर्माच्या घरात आढळतो.

यावर उपचार आहे. समुपदेशक देव सोडायला सांगत नाही. श्रद्धा कोणती आणि भीती कोणती, हे तो माणसाकडूनच निवडून घेतो. मग पायरीपायरीने सराव असतो. मणी चुकला तरी माळ पुढे न्यायची. सुरुवातीला छाती धडधडते. पण काही न करता थांबले की ती हळूहळू आपोआप उतरते. दहा वेळा असे झाले की मनाला खात्री पटू लागते. स्वमग्न माणसाशी हेच काम शांत खोलीत, ठरल्या वेळी, साध्या शब्दांत आणि कागदावर लिहून करतात. स्वमग्नता घालवणारे औषध नाही. तसे कोणी विकत असेल तर घेऊ नका. सोबत येणारी चिंता, उदासी, निद्रानाश किंवा फिट यांवर मात्र औषधे आहेत.

घरी काय करावे

• सूचना एका वेळी एकच द्यावी. 'जरा बघ' असे न म्हणता 'दोन बादल्या पाणी गोठ्यात ठेव' असे सांगावे.

• दिवसाचा क्रम बदलणार असेल, तर आदल्या दिवशी कल्पना द्यावी.

• गोंगाटाच्या कार्याला बळेच बसवू नये.

• ज्याचा नाद आहे त्याला काम जोडावे : दुधाची नोंद, पावसाची नोंद, रोपांची मोजणी.

• लग्न लावले म्हणजे सुधारेल, असे समजून दुसऱ्या जिवाला फसवू नये.

बांधून घालणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे तर मुळीच नको. भूत उतरवण्याच्या नावाखाली असे करणे २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात दाखवावे. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, म्हणून तपासणीनंतर दाखल्यासाठी अर्ज करावा. आणि माणूस जीव द्यायची भाषा करू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.