रिबेका बूनची आई कोण?

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर अठराव्या शतकात घरे बांधून राहिलेल्या स्त्रियांविषयी असा एक समज रूढ आहे की, अरण्यात संसार करून त्या अरण्यातच संपल्या आणि दप्तरात त्यांचा मागमूसही उरला नाही. प्रख्यात वाटाड्या व शिकारी डॅनियल बून याची पत्नी रिबेका ब्रायन हिचे कुलवृत्त शोधू लागले म्हणजे हा समज टिकत नाही. कागद पुष्कळ आहेत. मात्र ते तिच्या नावाखाली लावलेले नाहीत.

पुष्कळ शोधक प्रथम खानेसुमारीकडे धाव घेतात आणि तेथे स्त्रीचे नाव न सापडल्याने निराश होतात. वस्तुस्थिती अशी की, १७९० साली झालेल्या पहिल्या अमेरिकन खानेसुमारीत नाव लिहिले जाई ते केवळ कुटुंबप्रमुखाचे; पुरुषांची विभागणी सोळा वर्षांच्या वरचे व खालचे अशी केलेली असली, तरी गौरवर्णी स्वतंत्र स्त्रियांसाठी एकच रकाना होता आणि पाळण्यातली मुलगी, तिची आई व घरातली म्हातारी आजी या तिघींचा मिळून तेथे नुसता तीनचा आकडा पडे. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव नोंदण्याची रीत १८५० साली सुरू झाली, आणि रिबेका तर १८१३ च्या मार्चमध्येच मिसुरीत निवर्तली होती. त्यातच बून कुटुंब जेथे जाऊन वसले होते त्या केंटकीच्या १७९० व १८०० या दोन्ही खानेसुमाऱ्यांचे मूळ तक्ते नष्ट झाले असून, तेथील संशोधकाला करवसुलीच्या याद्यांवर भागवावे लागते.

मग स्त्री भेटते कोठे? ती भेटते जमिनीच्या व्यवहारात. विवाहित स्त्रीची मिळकत इंग्रजी कायद्याने नवऱ्याच्या ताब्यात जात असे, यावरून तिचा जमिनीशी संबंधच उरत नसे, असे मानणे चुकीचे आहे. पतीच्या मृत्यूनंतर त्याच्या स्थावराच्या तृतीयांशावर तिचा हयातभर हक्क असे. म्हणून नवऱ्याने जमीन विकली की तिला त्याच्यापासून दूर, एकटी बसवून न्यायाधिकारी विचारीत की, हा हक्क तू राजीखुशीने सोडतेस ना, आणि तिने होकार दिल्यावर तसा शेरा खरेदीखताबरोबर नोंदला जाई. लिहिता न येणाऱ्या स्त्रीची सहीऐवजी केलेली निशाणीही तेथे उमटलेली असते. राज्यक्रांतीच्या युद्धात लढलेल्या सैनिकांच्या विधवांनी पुढे निवृत्तिवेतनासाठी केलेल्या अर्जांचे मोल याहूनही अधिक आहे, कारण लग्न सिद्ध करण्यासाठी कित्येकींनी घरच्या बायबलमधील जन्म-विवाहांच्या नोंदींचे पानच फाडून अर्जासोबत पाठवले, आणि तशी पाने वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आजही पाहावयास मिळतात.

लग्न म्हटले की चर्चची नोंदवही असणारच, हाही असाच एक भ्रम. डॅनियल व रिबेका यांचा विवाह १४ ऑगस्ट १७५६ रोजी उत्तर कॅरोलिनातील यॅडकिन नदीच्या खोऱ्यात झाला, आणि तो लावला वराचे वडील स्क्वायर बून यांनी, स्थानिक न्यायाधिकारी या नात्याने. या दोन घराण्यांची सोयरीक एवढ्यावरच थांबली नाही: रिबेकाची बहीण मार्था हिने डॅनियलचा भाऊ एडवर्ड याला वरले आणि डॅनियलची बहीण मेरी ही रिबेकाचा चुलता विल्यम ब्रायन याला दिली. यास्तव रिबेकाचा शोध घेणाऱ्याने तिच्या एकटीच्या मागे न लागता जावा, नणंदा, चुलते, शेजारी व साक्षीदार या सर्वांचे कागद चाळणे भाग आहे.

तारखांविषयी थोडेसे. इंग्रजांच्या वसाहतींत १७५२ पर्यंत जुनी कालगणना चालू होती व नवे वर्ष २५ मार्चला लागत असे. तेव्हा जानेवारीत जन्मलेल्या रिबेकाचे जन्मसाल एका ठिकाणी १७३८ व दुसरीकडे १७३९ आढळले, तर त्या दोन निराळ्या स्त्रिया समजू नयेत.

दंतकथांच्या बाबतीत मात्र कठोर व्हावे लागते. रात्रीच्या शिकारीत मशालीच्या उजेडात चमकणारे डोळे हरिणाचे समजून डॅनियलने बंदूक रोखली, आणि ती तर रिबेका निघाली, ही कथा टिमथी फ्लिंटच्या १८३३ च्या चरित्राने घरोघर पोचवली. बूनच्या मुलाबाळांनी या कथेचा स्पष्ट इन्कार केला. १८५१ साली इतिहास-संग्राहक लायमन ड्रेपर यांनी धाकटा मुलगा नेथन व त्याची पत्नी ऑलिव्ह यांच्याकडून आठवणी लिहून घेतल्या. ते टिपण विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेत आहे. तेही तपासूनच घ्यावे, कारण नेथनचा जन्मच १७८१ चा. १७७८ साली शॉनी लोकांनी डॅनियलला पकडून नेले व तो मेला असे समजून रिबेका मुलांना घेऊन माहेरच्या मुलखात परतली, हा सारा प्रसंग त्याला ऐकूनच ठाऊक असणार.

आता मुख्य प्रश्न. रिबेकाचे वडील जोसेफ ब्रायन, आजोबा मॉर्गन ब्रायन, आजी मार्था स्ट्रोड; येथवर फारसा वाद नाही. आई कोण, याविषयी मात्र काही वंशावळी ॲलिस लिनव्हिल हे नाव देतात, तर काही हेस्टर हॅम्प्टन. शंभर वंशावळींत एकच नाव छापले आहे म्हणून ते सिद्ध होत नाही. त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. वडिलांच्या मृत्युपत्रात विधवा म्हणून जिचे नाव आहे तीच सर्व मुलांची आई, हा तर्कही लंगडा आहे, कारण पत्नी वारल्यावर पुरुषाने दुसरा विवाह करणे त्या काळी अगदी सामान्य होते. हल्लीच्या डीएनए चाचणीने सगळे उलगडेल ही आशाही मर्यादित ठेवावी. डीएनएचा जो भाग केवळ आईकडून येतो तो अखंड कन्यापरंपरेतूनच उतरतो, म्हणजे तो रिबेकाच्या चार मुलींच्या लेकी-नातींच्या ओळीत मिळेल, मुलग्यांच्या वंशात नाही. आणि ती ओळ लिनव्हिल किंवा हॅम्प्टन घराण्यातील तशाच एखाद्या ओळीशी ताडून पाहिल्याखेरीज तिच्यावरून काही ठरत नाही.

तेव्हा या घराण्याची वंशावळ लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती की, समकालीन दस्तऐवज हाती येईपर्यंत रिबेकाच्या आईची जागा कोरी ठेवावी आणि दोन्ही नावे आधारासह तळटिपेत द्यावीत.