रोजची गोळी की आठवड्याची?

सरकारी आरोग्यकेंद्रांत संततिनियमनाच्या दोन प्रकारच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. ‘माला-एन’ रोज घ्यावयाची, ‘छाया’ आठवड्याची. दाम कोणत्याच गोळीला नाही. तेव्हा, भगिनींनो, निवड करावयाची ती आपली प्रकृती पाहून.

‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ संप्रेरकांच्या आणि ७ केवळ लोहाच्या. या सात दिवसांत जो स्राव होतो ती खरी पाळी नव्हे. संप्रेरके थांबल्याचा तो परिणाम होय. शरीराला या खंडाची गरज नसते. म्हणूनच २००३ साली अमेरिकेत ८४ दिवस सलग गोळ्या व मग ७ दिवस खंड, ही पद्धतीही मान्य झाली. वर्षाकाठी तेरा स्रावांऐवजी चार! आपल्याकडे २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरांपैकी ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला, हे ध्यानी घेतले म्हणजे या बचतीचे मोल कळते. मात्र संप्रेरकांच्या गोळ्या वर्षाला २७३ ऐवजी ३३६ लागतात. विकत घेणारीचा खर्च तेवढा वाढतो. पहिले काही महिने अवेळी डागही दिसतात. वैद्यकीय सल्ल्यावाचून असा बदल करू नये.

‘छाया’ची गोष्ट निराळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत सिद्ध झालेले हे औषध १९९१ साली ‘सहेली’ या नावाने बाजारात आले. त्यात संप्रेरके नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, उदाहरणार्थ रविवारी व बुधवारी, आणि पुढे फक्त रविवारी. पहिल्या वर्षी सुमारे ६५ गोळ्या पुरतात. प्रारंभी पाळी लांबते किंवा स्राव कमी होतो. त्याने घाबरून जाऊ नये. अंगावर पाजणाऱ्या मातेसही ही चालते, तर ‘माला-एन’ तिने सहा महिने तरी टाळावी. रक्तदाब असलेल्या, तसेच पस्तिशीपुढील धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांनीही संप्रेरकांच्या वाटेस जाऊ नये. कावीळ वा यकृताचा विकार असणारीला आणि बीजकोशात अनेक गाठी असणारीला ‘छाया’ वर्ज्य.

आता विसरण्याविषयी. रोजच्या गोळीत सर्वांत घातक विसर पाकिटाच्या आरंभीचा, कारण त्याने सात दिवसांचा खंड लांबतो व बीज सुटण्यास अवसर मिळतो. ‘छाया’ सात दिवसांहून अधिक चुकली, तर पुन्हा आठवड्यातून दोनदा या क्रमापासून आरंभ करावा लागतो.