पावसाळ्याआधी पिकअपचे मडफ्लॅप बघून घ्या



आज फवारणी नाही, खताचा डोस नाही. आज गाडीच्या चाकामागच्या रबराबद्दल सांगतोय.

आंबे बहाराचं डाळिंब जून ते सप्टेंबरमध्ये निघतं, आणि आपल्या सोलापूर भागात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरमध्येच पडतो. वर्षभर जपलेलं फळ बाजारात चिखलाचे डाग घेऊन उतरलं की व्यापारी आधी डागच बघतो. पुसायला गेलं तर सालीला ओरखडे, धुतलं तर ओल राहून फळ सडायची भीती.

*चिखल क्रेटपर्यंत येतो कसा?*
पळत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते. मागच्या चाकाने उडवलेलं गढूळ पाणी तिच्यात ओढलं जातं आणि फाळक्यावर, मागच्या क्रेटवर बसतं. ताडपत्री वरचा पाऊस अडवते, खालून येणारं हे पाणी मडफ्लॅपच अडवतो.

*मडफ्लॅप घेताना काय बघायचं?*

१) *रुंदी.* फ्लॅप टायरपेक्षा दोन्ही बाजूंनी एकेक इंच जास्त पाहिजे. टायरवरचा आकडा वाचा. २१५ असेल तर टायर साधारण साडेएकवीस सें.मी. रुंद, म्हणजे फ्लॅप २६-२७ सें.मी.चा घ्या.

२) *लांबी.* इथंच बहुतेक जण चुकतात. दुकानात गाडी रिकामी असते, माप तिथंच घेतलं जातं. माल भरला की पाटे दबतात, गाडी खाली बसते आणि फ्लॅप जमिनीला टेकतो. मग बांधावर किंवा रॅम्पवर रिव्हर्स घेताना तो चाकाखाली सापडतो आणि फाटतो. म्हणून *माप भरलेल्या गाडीचं घ्या.* माल भरल्यावर फ्लॅपची खालची कड जमिनीपासून वीतभर वर राहिली पाहिजे. रिकाम्या गाडीला तो आणखी वर दिसेल, त्याला हरकत नाही.

३) *टायरपासून अंतर.* आपली काळी माती चिकट. फ्लॅप टायरला लागून असेल तर मधे माती दाबून बसते, चाक घासतं, फ्लॅप उपटतो. मधे निदान मूठभर अंतर ठेवा. रानातून निघणाऱ्या गाडीला थोडं जास्तच बरं.

४) *माल.* कडक प्लॅस्टिकचा फ्लॅप स्वस्त पडतो, पण आपल्या उन्हात कडक होऊन तडकतो. आत कापडाचा थर असलेलं रबर चांगलं. दुकानात हाताने दुमडून बघा: घडीवर पांढरी रेघ किंवा चीर दिसली तर घेऊ नका. फार पातळ रबर वाऱ्याने मागे उडतं, मग ते लावून उपयोग नाही. कन्व्हेअर बेल्टचा जुना तुकडाही चालतो, पण तो जड असतो, त्याला पक्की पट्टी लागते.

५) *बसवणं.* नुसत्या दोन बोल्टवर लोंबकळत ठेवू नका. वरून लोखंडी पट्टी, तीन-चार बोल्ट, रुंद वायसर, असं आवळून घ्या. चेसीला भोक पाडू देऊ नका. ब्रेकचा पाइप, वायरिंग आणि डिझेल टाकीजवळ ड्रिल नको. सायलेन्सरपासून रबर लांब ठेवा. मागचा लाइट, रिफ्लेक्टर आणि नंबरप्लेट झाकली जाता कामा नये.

पुढच्या चाकांनाही फ्लॅप लावा. पुढचं चाक खडी उडवतं, ती दरवाजावर आणि खालच्या पाइपांवर बसते.

*फक्त आपल्या मालाचा प्रश्न नाही.* गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी प्लॉट बघून मोटारसायकलवर परत येत होतो. पुढे फ्लॅप नसलेला पिकअप होता. एका खड्ड्यातला सगळा चिखल माझ्या हेल्मेटच्या काचेवर आला. दोन-तीन सेकंद समोरचं काहीच दिसलं नाही. समोरून एखादी गाडी आली असती तर हा मेसेज लिहायला मी नसतो. तुमच्या गाडीमागेही कोणाचं तरी पोरगं मोटारसायकलवर असतं.

*आणि एक गोष्ट फ्लॅपने होत नाही.* डाळिंबाचा मर रोग मातीतून पसरतो. मर लागलेल्या बागेतली माती चाकाला चिकटून दुसऱ्याच्या बागेत जाऊ शकते. म्हणून बागेतून निघताना, बांधावरच, खुरप्याने चाकं आणि फ्लॅपची आतली बाजू खरवडा. पाच मिनिटांचं काम आहे. शक्यतो गाडी बागेत न नेता कडेला उभी करून क्रेट बाहेर आणा.

*आजच करा:* पुढच्या खेपेला माल भरला की टेप घेऊन गाडीमागे बसा. फ्लॅप ते जमीन, फ्लॅप ते टायर, अशी दोन मापं घ्या. ती कागदावर लिहून मगच दुकानात जा.

शंका असेल तर चाकाचा बाजूने काढलेला फोटो याच नंबरवर पाठवा, बघून सांगतो.

आपला,
कृषी सल्लागार 🌱