अर्ध्या मिनिटाची उडी

उडी मारलेला माणूस, मग तो कितीही तरबेज नर्तक असो, सेकंदभरात जमिनीवर येतो. टॅली बिटी मात्र १९४५ साली हवेत गेला, तो जवळजवळ अर्धा मिनिट खाली आलाच नाही. आला तेव्हा जिथून झेप घेतली होती ती जागाही राहिली नव्हती. त्याने झेप घेतली होती वस्तुसंग्रहालयाच्या दालनात आणि तो उतरला उघड्या माळावर.

ही करामत माया डेरेनच्या ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’ या जेमतेम तीन मिनिटांच्या मूकपटातली. किव्हमध्ये जन्मलेली आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेली डेरेन काही काळ कॅथरिन डनहॅम या नृत्यांगनेकडे सचिव म्हणून काम करत होती. बिटी त्याच कंपनीत नाचायचा. डेरेनकडे १६ मिलिमीटरचा बोलेक्स कॅमेरा होता, चावी देऊन चालवायचा. एकदा चावी भरली की तो जेमतेम अर्धा मिनिट चालणार. एवढ्या भांडवलावर तिने जे केलं ते आजही चित्रपट शाळांतून दाखवलं जातं.

सुरुवातीला बर्चच्या जंगलात कॅमेरा एका जागी उभा राहून सावकाश वळतो. झाडांमधून बिटी दिसतो. कॅमेरा त्याला मागे टाकून पुढे सरकतो, तर पुढेही बिटीच उभा, हालचाल मात्र थोडी पुढे गेलेली. मग पुन्हा तोच. कॅमेरा थांबवायचा, नर्तकाने पुढची जागा घ्यायची, कॅमेरा पुन्हा सुरू करायचा, इतकाच हा खेळ. नंतर बिटी जंगलात पाय उचलतो आणि टेकवतो तो एका घराच्या दिवाणखान्यात. पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधलं इजिप्शियन दालन लागतं. मग गिरकी. बोलेक्सवर सेकंदाला ६४ फ्रेमपासून ८ फ्रेमपर्यंत वेग बदलता येतो. जास्त फ्रेम टिपल्या की पडद्यावर हालचाल संथ, कमी टिपल्या की भरधाव. बिटीची गिरकी आळसावून सुरू होते आणि बघता बघता माणसाचा भोवरा होतो. शेवटची उडी म्हणजे वेगवेगळ्या उड्यांचे तुकडे जोडून केलेला एकच प्रवास. उडी बिटीची, पण तिची लांबी ठरली संकलनाच्या टेबलावर. नाचातला बिटीचा वाटा मान्य करून डेरेनने श्रेयनामावलीत स्वतःच्या नावाबरोबर बिटीचंही नाव घातलं.

हा नाच कुठल्याही रंगमंचावर करून दाखवता येणार नाही. तो घडतो फक्त पडद्यावर. अशा नाचाला हक्काची जागा मिळावी म्हणून जगात आज अनेक महोत्सव भरतात. ॲमस्टरडॅमचा ‘सिनेडान्स’ आहे, लॉस एंजेलिसचा ‘डान्स कॅमेरा वेस्ट’ आहे, सॅन फ्रान्सिस्कोचा स्वतंत्र महोत्सव आहे. या सगळ्यांत वडीलधारा म्हणजे न्यूयॉर्कचा ‘डान्स ऑन कॅमेरा’. तो १९७१ साली सुरू झाला आणि २०२२ साली त्याची पन्नासावी आवृत्ती झाली.

गंमत अशी की ज्या संस्थेने हा महोत्सव सुरू केला, तिचा जन्म कॅमेऱ्याच्या करामतींच्या प्रेमातून झाला नव्हता. तो झाला हळहळीतून. सुझन ब्रॉन या बाईंना इसाडोरा डंकनचं वेड होतं. बॅलेचे बूट फेकून अनवाणी नाचणारी आणि आधुनिक नृत्याचा पाया घालणारी इसाडोरा १९२७ साली नीस शहरात मोटारीच्या चाकात गळ्यातला स्कार्फ अडकून गेली. तेव्हा सिनेमाला तीस वर्षं होऊन गेली होती. तरीही तिचा नाच म्हणून आज जे दाखवलं जातं, ते एका बागेतल्या समारंभाचं काही सेकंदांचं चित्रीकरण. इतकी मोठी कलावंत, आणि मागे उरलं ते छायाचित्रं, रेखाटनं आणि शिष्यांच्या आठवणी.

नाटकाची संहिता उरते, गाण्याचं स्वरलेखन उरतं. नाच लिहून ठेवण्याच्या पद्धती आहेत, लाबान या नृत्यतज्ज्ञाची पद्धत १९२८ पासूनची आहे, पण ती वाचू शकणारे थोडे. नर्तक म्हातारा झाला की नाच त्याच्या गुडघ्यांबरोबर जातो. नाचाच्या फिती होत्याच, पण त्या कुणाच्या तरी कपाटात, कुणाच्या तरी माळ्यावर. कुठे काय आहे हे कुणालाच धड माहीत नव्हतं. ब्रॉनबाईंनी १९५६ मध्ये ‘डान्स फिल्म्स असोसिएशन’ काढली ती हे शोधायला. नाचाच्या चित्रपटांच्या सूच्या करायच्या, त्या छापायच्या, फिती बघणाऱ्यांपर्यंत पोचवायच्या, असं कारकुनी वाटणारं काम संस्थेने वर्षानुवर्षं केलं. महोत्सव आला तो पंधरा वर्षांनी.

म्हणजे या महोत्सवाच्या घरात पहिल्यापासून दोन भावंडं नांदतात. एकाला वाटतं, नाच होता तसा टिपावा, कॅमेऱ्याने मध्ये लुडबुड करू नये. दुसऱ्याला वाटतं, कॅमेरा आणि कात्री हीच नाचाची पावलं. थोरल्याचं म्हणणं, ‘पाय दिसत नाहीत, काय बघायचं?’ धाकट्याचं म्हणणं, ‘कॅमेरा झोपलाय, काय बघायचं?’

हे भांडण महोत्सवाहून जुनं आहे. नर्तक-नट फ्रेड अस्टेरचा आग्रह असे की नाचताना आपण डोक्यापासून पावलांपर्यंत दिसलो पाहिजे आणि मध्ये कट शक्यतो नको. त्याच काळात नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कलीने ‘फॉर्टी-सेकंड स्ट्रीट’ (१९३३) सारख्या चित्रपटांत कॅमेरा थेट छताला नेला आणि मुलींच्या रांगांची फुलं, चक्रं, नक्षी केली. एकट्या नर्तिकेला काय येतं हे तिथे गौणच. पुढे १९५१ साली ‘रॉयल वेडिंग’मध्ये अस्टेर भिंतीवर आणि छतावर नाचला. खोलीच एका फिरत्या पिंपात बसवली होती, कॅमेरा खोलीबरोबर फिरत होता. अस्टेर नखशिखांत दिसतो, आणि तरी तो नाच सिनेमाशिवाय अशक्य आहे. दोघा भावंडांचा समेट बघायचा असेल तर तो इथे दिसतो.

या वादाची व्याकरणासारखी मांडणी केली मर्स कनिंगहॅम या नृत्यरचनाकाराने. १९७० च्या दशकात चार्ल्स ॲटलस या चित्रपटकर्त्याला कंपनीत घेऊन तो खास कॅमेऱ्यासाठी नृत्यरचना करू लागला. त्याच्या लक्षात आलं की रंगमंच आणि कॅमेरा यांची भूमिती उलटी आहे. रंगमंच प्रेक्षकाच्या बाजूला रुंद आणि मागे अरुंद होत जातो. कॅमेऱ्याला जवळचं अरुंद दिसतं आणि लांब जावं तसं क्षेत्र पसरत जातं. थिएटरात पुढे आलेला नर्तक अख्ख्या मंचाचा मालक होतो. कॅमेऱ्यापुढे तोच दोन पावलं पुढे आला की त्याचे पाय फ्रेमबाहेर, आणखी एक पाऊल आला की उरतो फक्त खांदा. म्हणजे पडद्यासाठी नाच बसवणाऱ्याला जवळून लांबवर अशी रचना करावी लागते, कोण कुठून आत येईल ते भिंगाकडे बघून ठरवावं लागतं. पडद्यावर वेळही वेगळी धावते. मंचावर रंगणारी संथ जागा इथे लांबते.

कॅमेरा नाच कसा बदलतो याचं प्रात्यक्षिक दाखवणारा चित्रपट म्हणजे हिलरी हॅरिसचा ‘नाइन व्हेरिएशन्स ऑन अ डान्स थीम’. १९६० च्या दशकातला, कृष्णधवल. बेटी डी याँग ही नर्तिका एक छोटीशी रचना नाचते आणि तीच रचना आपल्याला नऊ वेळा दिसते. पहिल्यांदा पूर्ण आकृती, कॅमेरा शांत. मग तो तिच्याभोवती फिरू लागतो, वरून बघतो, खालून बघतो. मग कट येतात, आधी थोडे, मग अनेक. हाताची बोटं, मान, पाठीचा कणा, टाच, सगळं सुटं होतं आणि हालचाल एका तुकड्यातून दुसऱ्यात वाहू लागते. एकही पाऊल नवं नाही, तरी शेवटाला आपण वेगळाच नाच बघत असतो. पहिल्यांदा बघितलेलं चुकीचं होतं असंही वाटत नाही.

कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात नॉर्मन मॅकलॅरेनने १९६८ साली ‘पा द द’मध्ये वेगळी वाट धरली. पांढऱ्या कपड्यातले दोन बॅले नर्तक, काळी पार्श्वभूमी, काळी जमीन, उजेड फक्त मागून आणि बाजूने. मग ऑप्टिकल प्रिंटरवर एकच फ्रेम काही क्षणांच्या फरकाने पुन्हा पुन्हा छापायची, कधी कधी अकरा वेळांपर्यंत. हात वर गेला की तो जिथून जिथून गेला ते सगळे हात मागे रेंगाळतात. डोळ्यांसमोर क्षणात विरून जाणारी हालचाल तिथे जमा होत जाते.

असल्या चित्रपटांची मोठी अडचण म्हणजे त्यांना कुणी दारात उभं करत नाही. थिएटरवाल्यांना ते आखूड, टीव्हीला त्यात संवाद नाहीत, नृत्यमहोत्सवात पडदा नसतो. ‘डान्स ऑन कॅमेरा’ने ही सोय केली. १९९६ पासून तो न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरच्या चित्रपट विभागाबरोबर, वॉल्टर रीड थिएटरमध्ये भरू लागला. थिएटर २६८ खुर्च्यांचं, फार मोठं नाही. जागा मात्र मोक्याची. हाकेच्या अंतरावर न्यूयॉर्क सिटी बॅलेचं रंगगृह, आणि तिथल्याच सार्वजनिक ग्रंथालयात १९४४ पासूनचा नृत्यविभाग, ज्यात हजारो फिती सांभाळल्या आहेत. बॅले बघणारा आणि सिनेमा बघणारा असे दोन्ही प्रेक्षक एकाच अंगणातले. कार्यक्रमात मोठे माहितीपट असतात, लघुपटांचे संच असतात, जुने चित्रपट परत लागतात आणि नंतर करणाऱ्यांशी गप्पा होतात. एखाद्या वृद्ध नृत्यगुरूचा माहितीपट बघून उठलेला माणूस पुढच्या खेळाला संवादही नसलेला पाच मिनिटांचा प्रयोग बघतो. महोत्सवाचं खरं कर्तृत्व मला यात दिसतं. टिपणं श्रेष्ठ की घडवणं, याचा निकाल त्याने लावला नाही. दोघांना एकाच पडद्यावर आणून वाद पेटता ठेवला.

२०२० साली कोविडने थिएटरं बंद केली तेव्हा हा महोत्सव ऑनलाइन झाला. त्या वर्षी जगभरच्या नर्तकांना मंच नव्हता. स्वयंपाकघरात, गच्चीवर, जिन्यात, मोबाइल लावून लोक नाचले. कनिंगहॅमची उलटी भूमिती तेव्हा अनेकांना घरातल्या भिंती शिकवून गेल्या.

आपल्याकडे हे भांडण वेगळ्या तोंडवळ्याचं आहे. बॅलेवाला क्लोजअपवर चिडतो कारण त्यात पाय कापले जातात. पण भरतनाट्यम किंवा लावणीची अर्धी गोष्ट डोळ्यांत, भुवईत, ओठांच्या कोपऱ्यात घडते. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेला त्यातलं काहीच पोचत नाही. तिथे कॅमेरा जवळ गेला तर तो नाच तोडत नाही, पूर्ण करतो.

सत्यजित राय यांनी १९७६ साली ‘बाला’ हा भरतनाट्यम नर्तिका बालासरस्वतींवरचा माहितीपट केला. त्याची निर्मिती तामिळनाडू सरकार आणि मुंबईचं एनसीपीए यांची. राय यांनी त्यांना शाळकरी वयात कोलकात्यात नाचताना पाहिलं होतं. चित्रीकरण झालं तेव्हा बालासरस्वती ५८ वर्षांच्या होत्या. समुद्रकिनाऱ्यावर त्या ‘कृष्णा नी बेगने बारो’ करतात, वारा साडीशी झोंबत असतो आणि बाई कृष्णाला बोलावत असतात. तरुणपणीचा वेग तिथे नाही. चेहऱ्यावरची समज मात्र तरुणपणी आली नसती. राय यांचा कॅमेरा तिथे काहीही करामत करत नाही, आणि करत नाही हाच त्याचा निर्णय आहे.

धाकट्या भावंडाची परंपराही आपल्याकडे आहे. उदय शंकर यांचा ‘कल्पना’ (१९४८) हा अख्खा चित्रपट नाचातून विचार करतो. त्याची दुरुस्त केलेली प्रत २०१२ साली कानला दाखवली गेली. आपल्या शांतारामबापूंनी १९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’त गोपीकृष्णांचं कथक टेक्निकलरमध्ये उभं केलं. जब्बार पटेलांच्या ‘एक होता विदूषक’साठी लक्ष्मीबाई कोल्हापूरकर यांना नृत्यदिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फडावरच्या बाईने पडद्यासाठी नाच बसवला आणि देशाने त्याची दखल घेतली, ही घटना आपण पुरेशी लक्षात ठेवलेली नाही.

लावणीत तर या महोत्सवाचे दोन्ही पक्ष मुळातच आहेत. फडाची लावणी हजारो माणसांसाठी, तिला पूर्ण आकृती हवी, ढोलकीवर पडणारं पाऊल दिसायला हवं. बैठकीची लावणी मोजक्या रसिकांसाठी, बाई बसून गाते आणि एकाच ओळीवर दहा अदा करते. तिला क्लोजअप हवा, तोही न हलणारा. या बैठकीच्या लावणीच्या थोर गायिका यमुनाबाई वाईकर २०१८ साली गेल्या, शंभरी ओलांडून. त्यांच्या पिढीने जे डोळ्यांनी केलं, ते शिकवणारं पुस्तक नाही.

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर संकलन शिकवणारी एफटीआयआय आहे, १९६४ पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याच्या संगीतबाऱ्या तिथून फार दूर नाहीत. हॅरिसचा धडा गिरवायला एवढं पुरे. एक लावणी घ्यावी, जाणत्या बाईंनी करावी आणि विद्यार्थ्यांनी ती नऊ प्रकारे टिपावी. मानधन नटाला देतात तसं द्यावं, आणि सगळे नऊ प्रकार बाईंसमोर लावून कुठल्या वेळी लावणी लावणी राहिली ते त्यांनाच विचारावं. त्यांचं उत्तर संकलकाला आवडेलच असं नाही. पण महोत्सव भरवायला लागतो तो वाद तिथूनच सुरू होईल.